नाथसागराच्या काठाचा फोटो आणि गाळाचा हिशेब

मराठवाड्याच्या वाट्याला समुद्र आला नाही, पण पैठणला गोदावरी अडवून झालेल्या नाथसागराचा काठ समुद्रकिनाऱ्याइतकाच चंचल आहे. जायकवाडी धरणाचे लोकार्पण १९७६ साली झाले. सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरलेल्या या जलाशयाची मूळ क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सरासरी खोली जेमतेम आठ मीटर. इतक्या उथळ पाण्यात पातळी जराशी उतरली तरी काठ दूर सरकतो. शंभर फुटांमागे एक फूट उतार असेल, तिथे पातळी फूटभर खाली गेली की पाणी शंभर फूट मागे हटते आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर सुरू होते. छत्रपती संभाजीनगरहून पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या या काठाचे फोटो काढायला हिवाळ्यात गर्दी असते. रोहित, पट्टकादंब आणि मावळतीचा सूर्य टिपून लोक परततात. पण याच लोकांनी एका ठरलेल्या जागेवरून काठाचा एक साधा फोटो दरवेळी काढला, तर त्यातून धरणातल्या गाळाचा हिशेब मांडता येईल.

ते कसे, हे नीट पाहण्यासारखे आहे. स्थिर पाण्याचा पृष्ठभाग सपाट असतो, म्हणून पाणी जिथे जमिनीला टेकते ती रेषा ही समान उंचीची रेषा असते. तिची उंची पाटबंधारे खाते रोजच नोंदवते. पूर्ण भरलेल्या जायकवाडीची पातळी १,५२२ फूट असते. देवळाचा कळस, विजेचा मनोरा, एखादा मोठा कातळ अशा फोटोत दिसणाऱ्या तीन-चार पक्क्या खुणांची जागा एकदा मोजून ठेवली, की तिरक्या फोटोतली पाणरेषा गणिताने नकाशावर उतरवता येते. आता समजा, काही वर्षांनी पातळी नेमकी तेवढीच असताना ती रेषा जलाशयाच्या आत तीस मीटर सरकलेली दिसली. शंभरास एक उताराच्या जागी याचा अर्थ तळ तीस सेंटिमीटर वर आला आहे. समुद्रावर हेच काम भरती-ओहोटीमुळे किचकट होते. तरीही ऑस्ट्रेलियात २०१७ साली सुरू झालेल्या ‘कोस्टस्नॅप’ प्रकल्पाने किनाऱ्यावर मोबाइल ठेवायला पक्के स्टँड उभारले आणि फिरायला आलेल्यांच्या फोटोंतून वाळूची ये-जा मोजली. नाथसागराला भरती-ओहोटी नाही, म्हणजे आपले गणित त्यांच्याहून सोपे आहे.

उपग्रह असताना याची गरज काय, असे कुणीही विचारेल. उपग्रहांचे काम मोठेच आहे. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ साली गेला, त्यामुळे नाथसागराचे सगळे आयुष्य त्यांच्या नजरेखाली गेले आहे. परंतु लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका तीस मीटरचा आणि सेंटिनेल-२ चा दहा मीटरचा. वर सांगितलेला तीस सेंटिमीटरचा थर लँडसॅटला एका ठिपक्याएवढाच दिसेल. शिवाय धरण भरते ते पावसाळ्यात, आणि तेव्हाच ढग आड येतात. ढगांपलीकडे पाहणारे रडार आहे, पण काठ का सरकला हे तेही सांगत नाही. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ उपसला असेल, तर फोटोत खड्डा आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दिसतात. नांगरट दिसते, वाहून आलेला ताजा चिखलही दिसतो. उपग्रहाने सगळा जलाशय पाहावा, फोटोने एक जागा बारकाईने पाहावी, दोन्ही हवेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हौशी फोटोंवर विसंबायचे कसे? मोबाइलचे रुंद भिंग कडा वाकवते, फोटोत दूरचा काठ आक्रसतो, आणि सोसाट्याचा वारा पाणी एका बाजूला लोटून पाणरेषाच हलवतो. हे सगळे खरे आहे. म्हणून वारा पडलेला असताना, शक्यतो सकाळी फोटो घ्यायचा, झूम न करता घ्यायचा आणि जवळचाच काठ मोजायचा. एकाच फोटोवर निष्कर्ष काढणे चूकच ठरेल; अनेक वर्षांचे अनेक फोटो हाती असले की तुरळक चुका उघड्या पडतात आणि खरा बदल उरतो. शिवाय नाथसागर हे १९८६ पासूनचे पक्षी अभयारण्य आहे. ठरलेल्या जागेवरून फोटो काढताना चिखलात उतरून थव्यांच्या मागे लागावे लागत नाही, हाही मला मोठाच फायदा वाटतो.

गाळ फक्त मृतसाठ्यात जाऊन बसतो, हा समज चुकीचा आहे. नदी जलाशयात शिरते तिथेच प्रवाह मंदावतो आणि जड गाळ खाली बसतो, म्हणजे उपयुक्त साठ्याचीच जागा खातो. संभाजीनगर आणि जालन्याचे पिण्याचे पाणी याच साठ्यातून येते. तेव्हा पुढच्या वेळी काठावर गेलात, तर एक फोटो पाणरेषेचा काढा, त्यात तीन-चार पक्क्या खुणा येऊ द्या, मूळ फाइल न कापता, रंग न बदलता जपून ठेवा आणि त्या दिवसाची धरणाची पातळी तिच्याजवळ लिहून ठेवा.