एकही संवाद नाही, तरी आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना समजतो! मेंढ्या आणि परग्रहावरच्या पाहुणीचा सिनेमा

सिकंदराबाद : इथल्या मराठी घरात लहान मुलाच्या तोंडी किमान चार भाषा असतात. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, रिक्षावाल्याशी हैदराबादी हिंदी आणि शाळेत इंग्रजी. देगलूर-धर्माबादकडून आजी राहायला आली की टीव्हीपुढे प्रश्न उभा राहतो, लावायचं काय? इंग्रजी कार्टून आजीला कळत नाही, आणि आजीची मालिका नातवाला नको असते. अशा घरांसाठी एक सिनेमा सांगण्यासारखा आहे. 'अ शॉन द शीप मूव्ही: फार्मागेडॉन'. 2019 चा, म्हणजे नवा नाही. पण यात माणसांच्या भाषेतला एकही संवाद नाही. शेतकरी बोलतो ती नुसती पुटपुट, मेंढ्या बेंबाटतात, कुत्रा गुरगुरतो. बास.

गोष्ट साधी आहे. एका शेतावर शॉन नावाचा खोडकर मेंढा कळपासह राहतो. बिट्झर हा राखणदार कुत्रा त्याला आवरून आवरून दमलेला. त्यात लूला नावाची परग्रहावरची पोर चुकून यान घेऊन पृथ्वीवर येते आणि शॉनच्या दारात पोचते. तिला घरी पाठवायचं, आणि मागे लागलेल्या सरकारी माणसांपासून वाचवायचं. इकडे शेतकऱ्याला नवा हार्वेस्टर हवाय. गावात उडती तबकडी दिसल्याची आवई उठलेली बघून तो शेतातच परग्रहवाल्यांच्या नावाने जत्रा उभारतो, तिकीट लावून! हार्वेस्टरच्या किमती ऐकलेल्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा माणूस लगेच ओळखीचा वाटेल.

आता हे बनतं कसं? यात बाहुल्या खऱ्या आहेत. आत धातूचा सांगाडा, वर हाताने बनवलेलं अंग. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा फोटो. असे फोटो भराभर दाखवले की बाहुली चालायला लागते. यालाच स्टॉप-मोशन म्हणतात. पडद्यावर सेकंदाला 24 चित्रं जातात. पुष्कळदा एकच फोटो दोनदा वापरतात, तरीही सेकंदाला 12 वेळा बाहुली हलवावी लागतेच.

कॉमर्सवाल्याला हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मांडतो. एका कलाकाराचं दिवसभराचं काम साधारण दोन सेकंदांचं भरतं. सिनेमा 85 मिनिटांचा धरला तर 5,100 सेकंद. एकट्याने करायचं म्हटलं तर 2,550 दिवस, म्हणजे रविवारसुद्धा न घेता जवळपास सात वर्षं. म्हणून एकाच वेळी अनेक सेटवर अनेक जण काम करतात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची आर्डमन ही कंपनी 1972 पासून याच कामात आहे. शॉन पहिल्यांदा दिसला 1995 च्या 'अ क्लोज शेव्ह' या छोट्या सिनेमात. इंग्रजीत त्याच्या नावाचा उच्चार 'लोकर कातरलेला' या अर्थाच्या शब्दासारखाच होतो, तेवढी एक गंमत मात्र भाषेवाचून कळत नाही. फार्मागेडॉनला पुढे ऑस्करचं नामांकनही मिळालं.

हे सगळं परदेशी वाटत असेल तर नाशिककडे बघा. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, 1912 मध्ये, कुंडीतल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो ते एकेक चित्र घेत टिपलं होतं. तो तुकडा दाखवूनच त्यांनी भांडवल मिळवलं. नंतर 'आगकाड्यांची मौज' मध्ये तर काड्याच हलवून दाखवल्या. तत्त्व तेच, फोटो घ्या, थोडं हलवा, फोटो घ्या.

हैदराबाद शहरही कार्टूनच्या धंद्यात मागे नाही. 'छोटा भीम' इथल्याच ग्रीन गोल्ड कंपनीचा. पण भीम बोलतो, त्यामुळे प्रत्येक भाषेसाठी वेगळा आवाज भरावा लागतो. शॉनला ती गरजच नाही. माझ्या मते सीमेपलीकडच्या मराठी घरांना याचा फायदा वेगळाच आहे. पडद्यावर भाषा नसल्यामुळे बोलायचं काम घरच्यांवर येतं. 'अगं आजी, ती आता ढेकर देणार बघ,' हे नातू मराठीतच सांगतो, कारण आजीला दुसरी भाषा येत नाही. शिकवणीत जे होत नाही ते इथे आपसूक होतं. मात्र मोबाईल मुलाच्या हातात देऊन आपण उठून गेलो तर यातलं काहीच होत नाही.

सिनेमा संपल्यावर पोरं 'आपण पण करू' म्हणतील. मोबाईल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून घट्ट ठेवा, हलला की खेळ बिघडला. दहा सेकंदांसाठी 120 फोटो लागतील, तेवढ्यात एक दुपार जाते. मेंढी नको, आगपेटीतल्या वीस काड्या पुरतात. गुल आधी काढून टाका.