कार्ब्युरेटरखालची चकती

जुन्या ट्रकचे इंजिन पुन्हा बांधून झाले की मालकापुढे एक प्रश्न हमखास येतो: कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये जाड चकती, म्हणजे स्पेसर, घालावा का? विकणारे सांगतात, ताकद वाढते. शिवाय कार्ब्युरेटर थंड राहतो. ही दोन वेगळी विधाने आहेत. त्यांची परीक्षाही वेगळी हवी.

उदाहरणाला शेवरोलेचे सहा सिलिंडरचे 235 घनइंची इंजिन घेऊ. अमेरिकेत पन्नाशीच्या दशकातले हे ट्रक हौशी लोक आजही बोअर करून, नवे पिस्टन घालून रस्त्यावर आणतात. (आपल्याकडेही या कंपनीच्या गाड्या 1928 पासून शिवडीच्या कारखान्यात जोडल्या जात.)

ताकदीचे आधी उरकू. स्पेसरने कार्ब्युरेटरखालची पोकळी वाढते. शर्यतीच्या इंजिनात मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांवर त्याचा थोडा फायदा मोजता येतो. हे इंजिन साडेतीन हजारांच्या आसपासच थकते आणि ट्रकचे खरे काम त्याहून बरेच खाली चालते. ताकदीसाठी स्पेसरवर पैसे घालू नयेत.

उष्णतेचे मात्र तसे नाही. या इंजिनात इन्टेक मॅनिफोल्ड एक्झॉस्टच्या डोक्यावरच बसलेले असते. मधल्या झडपेतून गरम धूर मुद्दाम इन्टेकच्या तळाशी नेतात, थंड इंजिनात पेट्रोलची वाफ व्हावी म्हणून. इंजिन तापले की झडप फिरायला हवी. गंजून अडकली तर कार्ब्युरेटर भाजत राहतो. पेट्रोलचे हलके घटक 35-40 अंशांवरच उकळू लागतात आणि थोडे इथेनॉल मिसळले की बाष्पदाब आणखी वाढतो. इंजिन बंद केल्यावर उष्णता वर चढते, फ्लोट चेंबरमधले पेट्रोल फसफसून घशात गळते. बेकेलाइटचा स्पेसर ही वाट अडवतो. ॲल्युमिनियमचा नाही, तो बेकेलाइटच्या शेकडो पट उष्णता वाहून नेतो, तरी दिसायला देखणा म्हणून खपतो.

तेव्हा आधी पाहावे. ट्रक अर्धा तास भाराने चालवावा, बंद करावा, दहा मिनिटांनी एअर क्लीनर काढून बॅटरीच्या उजेडात घशात डोकावावे. (काडी पेटवून नव्हे, हे लिहावे लागते.) पेट्रोल ठिबकताना दिसले तर प्रथम झडप सोडवावी, फ्लोटची पातळी तपासावी. तरीही ठिबकले, तरच पाव ते अर्धा इंच जाडीचा बेकेलाइटचा स्पेसर घालावा. घसा कोरडा आणि गाडी चढावर गुदमरते, तर वाफ बहुधा पंपात किंवा नळीत धरते; तिथे स्पेसर निरुपयोगी. नळी एक्झॉस्टपासून दूर न्यावी.

बसवताना दोन्ही बाजूंना नवे पॅकिंग, लांब स्टड, आणि थ्रॉटलचा दांडा पूर्ण फिरतो का ते पाहणे. बोल्ट आवळून आवळून फ्लँज वाकली तर तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होते आणि नव्या बांधलेल्या इंजिनाचे व्हॉल्व्ह जळू शकतात. बॉनेट लावण्यापूर्वी एअर क्लीनरवर मातीचा गोळा ठेवून ते एकदा दाबून बघावे. किती जागा उरली ते गोळाच दाखवतो.