दाराला कडी नाही, कमरेला घोडा

ज्या तालुक्यात एका अख्ख्या गावातल्या घरांना दारंच नाहीत, त्या तालुक्यात लाख-दीड लाखाचं रिव्हॉल्व्हर घेतं कोण? आणि घेतलंच, तर ते चांगलं आहे की वाईट हे ठरवतं कसं?

शनिशिंगणापूर नेवासा तालुक्यात येतं, हे वीकेंडला तिकडे गाडी काढणाऱ्या बऱ्याच पुणेकरांच्या गावीही नसतं. चोरी केली की शनिदेव बघून घेतो, ही तिथली सिक्युरिटी सिस्टीम. २०११ मध्ये युको बँकेनं तिथे शाखा उघडली, तीही ‘बिनकुलपाची बँक’ म्हणून गाजली. (२०१५ मध्ये गावात पोलीस ठाणं झालं, तो भाग वेगळा.) त्याच तालुक्यात नेवासा फाट्यावर चहा पिताना शेजारच्या बाकड्यावरचा माणूस बसण्याआधी शर्टाचं टोक जरा जास्तच काळजीनं खाली ओढताना दिसला, तर समजायचं. भाऊंकडे ‘सामान’ आहे.

बंदूक आणि गुन्हेगारी यावर पेपरात रोज येतं. ते काम क्राइम रिपोर्टरचं. माझा प्रश्न साधा, गिऱ्हाइकाचा होता. वीस हजारांचा मोबाइल घ्यायचा तर आपण आठ दिवस रिव्ह्यू वाचतो, ऑफिसातल्या चार जणांचं डोकं खातो. मग ज्या वस्तूवर जीव टांगायचा ती माणसं कशी निवडतात? नेवासा, भेंडा, सोनई, घोडेगाव असं दोन दिवस फिरले. नाव छापायचं नाही, या एकाच अटीवर सगळे बोलले. आणि एकदा बोलायला लागले की थांबेनात. बाइकवाले बाइकबद्दल बोलतात ना, सेम तसं.

मेन्यूकार्ड एवढंसंच

आधी एक लक्षात घ्या. हॉलीवूडच्या पिक्चरमध्ये दिसतं त्यातलं जवळपास काहीच इथे मिळत नाही. ९ एमएम, .३८, .४५ हे सगळे ‘प्रोहिबिटेड बोअर’. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला मुख्यतः .३२ येतं आणि .२२. परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकात बंद झाली. नामवंत नेमबाजांसारखे अपवाद सोडले, तर आपण-तुपण नवंकोरं परदेशी पिस्तूल मागवू शकत नाही.

राहिलं काय? सरकारी कारखान्यांचा माल. कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर आणि ‘अशनी’ नावाचं .३२ पिस्तूल. २०२१ च्या ऑक्टोबरात ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या आणि बंदुकांचा धंदा ‘अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’कडे गेला. पण गावात अजून सगळे ‘फॅक्टरीचं’ असंच म्हणतात. २०१६ च्या आर्म्स रुल्सनंतर खासगी कारखान्यांना वाट मोकळी झाली. बर्मिंगहॅमच्या वेबली अँड स्कॉटनं एका भारतीय भागीदाराबरोबर उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे .३२ रिव्हॉल्व्हर बनवायला घेतलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कानपूरनं ‘प्रबल’ बाजारात आणलं. नेम पन्नास मीटरपर्यंत जातो, असा कंपनीचा दावा.

गंमत अशी, की कानपूरचं जुनं .३२ रिव्हॉल्व्हर मुळात वेबलीच्याच ब्रिटिशकालीन डिझाइनवर बेतलेलं. म्हणजे सरकारी घ्या नाहीतर विलायती नावाचं, आजोबा एकच!

फॉरेनची ओढ

सोनईजवळचे एक बागायतदार. वय साठीच्या पुढं, ऊस मुळा कारखान्याला जातो. त्यांच्याकडे वडिलांच्या नावावरून आलेलं जुनं इंग्लिश रिव्हॉल्व्हर आहे. पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं. मला त्यांनी ते लांबून दाखवलं, हातात दिलं नाही (योग्यच). काळा-निळा रंग अजून तसाच, कडा गुळगुळीत. त्यांनी ते मोडून दाखवलं, म्हणजे वरची कडी दाबली की नळी खाली झुकते आणि काडतुसांची चक्री उघडी पडते. आवाज अगदी मऊ आला.

“काय फिटिंग आहे बघा ताई,” ते म्हणाले. “आत्ताचं घ्या. हलवलं की खुळखुळ्यासारखं वाजतं.”

‘आत्ताचं’ त्यांच्या पुतण्यानं घेतलंय. कानपूरचं, दोन वर्षांपूर्वी. त्यानं काकांसमोर काही वाद घातला नाही, बाहेर अंगणात आल्यावर मात्र मोकळा झाला. फिनिशिंग काकांच्यासारखं नाही हे त्याला मान्य. आत फाइल मारल्याच्या खुणा दिसतात. मूठ प्लॅस्टिकसारखी वाटते. चाप फार जड. “पण काकांच्या घोड्याचे पार्ट कुठं मिळतात? माझ्याचे कानपूरला तरी मिळतील.”

दोघांचंही खरं आहे. आणि यामुळंच जुन्या परदेशी हत्यारांचे भाव वाट्टेल तिथे गेलेत. मालच येत नाही म्हटल्यावर इंग्लंड-अमेरिकेत जे जुन्या सामानाच्या टोपलीत पडलं असतं, ते इथे काही लाखांना हातोहात जातं. यात क्वालिटीचा भाग किती आणि टंचाईचा किती, हे विचारलं की लोक जरा घुटमळतात. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडे जास्तीत जास्त तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. तेव्हा ज्यांच्याकडे तीन होती त्यांना एक सोडावं लागलं. सोडलं कुठलं? मी ज्यांना विचारलं त्यांनी देशी सोडलं, विलायती ठेवलं.

वाजेल ना हो?

आता मुद्द्याची गोष्ट. भेंड्याच्या अलीकडे एका वस्तीवर गेले. वस्ती म्हणजे गावाबाहेर रानातच घर, शेजार पाव किलोमीटरवर, रात्री उसाच्या सळसळीशिवाय आवाज नाही. घरमालक पस्तिशीचा, कांदा-ऊस दोन्ही, शिवाय ट्रॅक्टरच्या पार्टचं छोटं दुकान. रिव्हॉल्व्हर घेऊन वर्षही झालेलं नाही. परवान्यासाठी कलेक्टर ऑफिस, पोलिसांचा रिपोर्ट, मेडिकल, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, सगळं रीतसर. वस्तीवर चोऱ्या-दरोड्यांची भीती, रोकड घेऊन ये-जा, भावकीत बांधाचं भांडण. कारणं त्यानं अर्जात लिहिली तशीच मला सांगितली.

निवड कशी केली? दुकानात गेला. काउंटरवर दोन मॉडेल ठेवली. एक उचललं, दुसरं उचललं. जे हातात ‘भरल्यासारखं’ वाटलं ते घेतलं.

“चालवून बघितलं?”

तो हसला. दुकानात कोण चालवू देतं? मोटारसायकलची टेस्ट राइड मिळते, याची नाही. बरं, घरी आणल्यावर? परवान्यावर काडतुसांचा आकडा लिहिलेला असतो. रानात एक बार काढला तरी पाच वस्त्यांना ऐकू जातो, मग ठाण्यात जाऊन उत्तरं द्या. ट्रेनिंगमध्ये जे काही राऊंड मारले ते तिथल्या हत्यारानं. स्वतःच्या रिव्हॉल्व्हरमधून त्यानं आजवर एकही गोळी झाडलेली नाही.

चहा घेऊन आलेल्या वहिनी इतका वेळ गप्प होत्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, “मी पण तेच विचारते यांना. वेळ आली तर वाजेल ना हो ते?”

त्यानं उत्तर दिलं नाही. नंतर मी भेटले त्या प्रत्येकाला हाच प्रश्न विचारला. स्वतःच्या हत्यारातून शेवटची गोळी कधी मारली? एकानं भावाच्या लग्नाचं वर्ष सांगितलं आणि लगेच जीभ चावली. (हौसेखातर हवेत गोळीबार केला तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.) बाकीच्यांनी मान हलवली. म्हणजे ‘कानपूर बेकार’, ‘वेबली सॉलिड’, ‘प्रबल एकदम टॉप’ ही सगळी मतं हातात घेऊन, हलवून, चमक बघून आणि मित्राच्या मित्राचं ऐकून बनलेली. गाडी गॅरेजमध्ये उभी ठेवून अ‍ॅव्हरेज सांगण्यातला प्रकार.

सुभेदारांचा क्लास

एकच माणूस वेगळा भेटला. नगर भागात फौजेतून निवृत्त झालेली माणसं पुष्कळ, त्यातलेच एक सुभेदारसाहेब. आता पेट्रोल पंपाची कॅश सांभाळतात. ते परवानाधारक आहेत आणि वर्षातून दोनदा पदरचे पैसे खर्च करून पुण्याला रेंजवर जातात.

त्यांच्या मते चमक, वजन, नाव हे सगळं नंतर. पहिलं बघायचं ते चक्री. चाप दाबत नेला की प्रत्येक घर नळीच्या बरोबर समोर येऊन घट्ट थांबतं का? तिथे हललं तर गोळी नळीच्या कडेला घासते. दुसरं, घोड्याचा ठोका. सहाही घरांत सारखा जोरात बसायला हवा. तिसरा चाप. आपल्याकडच्या रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो हे खरं, पण अंगठ्यानं घोडा आधी मागे ओढला तर तो हलका होतो. घाबरलेला माणूस मात्र घोडा ओढत बसत नाही, सरळ चाप दाबतो, आणि जड चापानं नळीचं तोंड खाली जातं. “दहा पावलांवरचा माणूस चुकतो,” ते म्हणाले. “मग घरी येऊन म्हणतो, हत्यार खराब.”

त्यांचा खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर होता. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या काडतुसांवर. काडतुसाच्या बुडावर ‘के.एफ.’ ही अक्षरं दिसतात ना, ती खडकीची. आपल्या पुण्याच्या खडकीची! १८६९ सालचा कारखाना. मुंबई-पुणे रस्त्यावरून तुम्ही-आम्ही रोज त्या भागातून जातो. गोळ्या चांगल्या ठेवल्या तर टिकतात, पण लोक त्या देवघराच्या कोनाड्यात, तेलकट फडक्यात ठेवतात. तेल झिरपून टिकली मेली, की मग कानपूर असो की बर्मिंगहॅम, नुसता ‘टक्’ आवाज. मला एकदम त्या वहिनी आठवल्या.

पिस्तुलांबद्दल विचारलं तर त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. वर्षातून दोनदाही न चालवणाऱ्यानं पिस्तूल घेऊ नये. फसलं की अडकलेली गोळी काढता यायला हवी, ती सवय हाताला लागते. रिव्हॉल्व्हरमध्ये एक नाही उडाली तर पुन्हा चाप दाबायचा, पुढचं घर समोर येतं.

दागिन्यांच्या डबीतली ‘निर्भीक’

मुलींसाठी म्हणून कानपूरनं २०१४ मध्ये ‘निर्भीक’ आणली होती. टायटॅनियमच्या मिश्रधातूची, अर्धा किलो वजनाची, मरून रंगाच्या दागिन्यांसारख्या डबीत. किंमत तेव्हा १ लाख २२ हजार ३६० रुपये. नाव निर्भयाच्या आठवणीत. माझ्या वयाच्या मुलींसाठी ती होती म्हणे. मला त्या डबीचाच राग येतो. आणि हलकं हत्यार म्हणजे चांगलं हत्यार, हेही सुभेदारांना मान्य नाही. वजन कमी तेवढा झटका हाताला जास्त. नेवाशात मला ती कुणाकडेही दिसली नाही.

नेवाशाला तसं हत्यारांचं कौतुक नवं नाही बरं का. १९५४ ते ५६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया यांनी प्रवरेकाठी उत्खनन केलं. इथे सापडलेल्या मध्य पुराश्मयुगीन दगडी हत्यारांच्या घडणीला अभ्यासक ‘नेवासियन’ म्हणतात. पण तो कारागीर स्वतः घडवायचा, स्वतः वापरायचा आणि कामाचं नसलं तर तिथेच टाकून द्यायचा. आजच्या गिऱ्हाइकाला ती चैन नाही.

कट्टा आणि बिल

रीतसर मालाची ही तऱ्हा, तर मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टीसारख्या गावांतून येणाऱ्या गावठी कट्ट्यांचं काय? परवाना नाही, चाचणी नाही, बिल नाही. कारखान्यातल्या बंदुकीला विक्रीआधी नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस झाडून तपासतात, त्याला प्रूफ म्हणतात. कट्ट्याचं प्रूफ चालवणाऱ्याच्या हातातच होतं. फुटला तर बोटं जातात.

परवानावाल्यांच्या मागेही आता कटकटी वाढल्यात. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा लागोपाठ, त्यामुळे बऱ्याच जणांची हत्यारं ठाण्यात जमा. शेजारच्या बीडमध्ये मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर शंभराहून अधिक परवाने रद्द झाले, तेव्हा इकडेही रील्समधले कमरेचे फोटो भराभर डिलीट झाले. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून थेट ४० टक्के. पुतण्याचा एक मित्र परवाना हातात घेऊन अजून थांबलाय. त्याला ‘प्रबल’च हवंय, कारण त्याची चक्री बाजूला उघडते आणि ‘लूक अमेरिकन आहे’.

परतताना वस्तीवरच्या त्या दादाला फोन करून सुभेदारांचं रेंजचं सांगितलं. चक्री, टिकली, तेलाचं फडकं, सगळं. त्यानं शांतपणे ऐकलं. रेंजला जाऊन-येऊन किती खर्च येईल, ते विचारलं. मी आकडा सांगितला. मागून वहिनींचा आवाज आला, “जाऊ द्या त्यांना. आणि मला पण यायचंय म्हणावं.”