आधी स्प्रिंग, मग आकडा

साध्या पेट्रोल इंजिनाला टर्बो बसवून झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, किती ठेवायचा? त्याचं उत्तर लॅपटॉपवर शोधणारे पुष्कळ भेटतात. पण सुरुवातीपुरतं ते उत्तर वेस्टगेटच्या ॲक्च्युएटरमधल्या स्प्रिंगने आधीच देऊन टाकलेलं असतं.

इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर टर्बोचं एक चाक, टर्बाइन, फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक, कॉम्प्रेसर, बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. हवा जास्त गेली की पेट्रोल जास्त जाळता येतं, आणि धूरही वाढतो. हे चक्र मोकळं सोडलं तर दाब वाढतच जाईल, म्हणून टर्बाइनच्या बाजूला एक झडप असते, तीच वेस्टगेट. कॉम्प्रेसरकडून एक बारीक नळी ॲक्च्युएटरच्या डबीत जाते. तिथला दाब स्प्रिंगपेक्षा भारी झाला की झडप उघडते आणि उरलेला धूर टर्बाइनला वळसा घालून सायलेन्सरकडे जातो. स्प्रिंग अर्ध्या बारची असेल तर बूस्ट साधारण तिथे थांबतो.

बूस्ट कंट्रोलर या नळीतला थोडा दाब बाहेर सोडतो. ॲक्च्युएटर फसतो, झडप उशिरा उघडते आणि बूस्ट चढतो. म्हणजे कंट्रोलर बूस्ट वाढवू शकतो, स्प्रिंगच्या खाली मात्र आणू शकत नाही. एक बारची स्प्रिंग बसवून ‘सध्या अर्ध्यावरच चालवतो’ असं कुणी म्हणत असेल, तर तो केवळ ॲक्सिलरेटरवरच्या आपल्या पायावर भरवसा ठेवतोय. सुरुवातीला स्प्रिंग मऊच हवी.

साब कंपनीने हे चांगलं ओळखलं होतं. १९७७ साली दाखवलेल्या ‘९९ टर्बो’त त्यांनी कॉम्प्रेशन रेशो ७.२ इतका खाली आणला आणि बूस्ट सुमारे ०.७ बार ठेवला. पुढे नॉक, म्हणजे मिश्रण अवेळी स्वतःहून पेटणं, ऐकणारा सेन्सर आणि बूस्ट नियंत्रित करणारी एपीसी यंत्रणा आल्यावर त्यांना कॉम्प्रेशन ८.५ पर्यंत वाढवता आलं. या यंत्रणेत स्प्रिंगने ठरणारा पायाभूत बूस्ट कमी असे, आणि त्यावरचा दाब सॉलेनॉइड, म्हणजे विजेवरची झडप, चढवे. नॉक ऐकू आला की दाब उतरे. सॉलेनॉइडची वायर सुटली तर गाडी मंद व्हायची, पण इंजिन वाचायचं. घरी टर्बो बसवणाऱ्याने यांत्रिक रचना इथूनच उचलावी.

आता दाबाबरोबर येणाऱ्या उष्णतेकडे वळू. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड तापतं, टर्बोतही तेच घडतं. बाहेर ४० अंश असताना कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर अर्धा बार बूस्टला हवा साधारण ९५ अंशांवर निघते आणि एक बारला १३८ वर. ही हवा थंड करणारा, ७० टक्के काम करणारा इंटरकूलर लावला तर हे आकडे अनुक्रमे ५६ आणि ६९ च्या आसपास येतात. सिग्नलला पाच मिनिटं उभं राहिल्यावर तोच इंटरकूलर स्वतः तापून बसतो, तेव्हा हे गणित मोडतं.

गरम आणि दाबलेली हवा म्हणजे नॉकला आमंत्रण. स्पार्क पडला की ज्योत प्लगपासून पसरत जाते. पुढचं न जळलेलं मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच स्वतःहून पेटलं, तर दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात. आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा येतो, पण टर्बोच्या आणि सायलेन्सरच्या गोंगाटात तो कानाला कळेलच असं नाही. पिस्टनवरच्या दोन रिंगांमधली कड बहुतेक वेळा नॉकनेच तुटते. पेट्रोलचा ऑक्टेन जितका वरचा, तितका नॉक लांब राहतो. भारतात बीएस-६ च्या साध्या पेट्रोलला किमान ९१ ऑक्टेन लागतो, आणि ई-२० ला किमान ९५. एक्सपी १०० सारखं महाग पेट्रोल भरून ट्यून केलेली गाडी आडगावच्या पंपावर साधं पेट्रोल पिणारच, हे गृहीत धरून बूस्ट ठरवावा.

मग आकडा काय? नऊ ते दहा कॉम्प्रेशनचं, आतले भाग कंपनीचेच असलेलं इंजिन, धड इंटरकूलर आणि पंपावरचं पेट्रोल असेल तर मी ०.३५ ते ०.५ बार, म्हणजे ५ ते ७ पीएसआयच्या वर सुरुवात करणार नाही. मुळात टर्बोसाठी बांधलेलं, साडेआठच्या आसपास कॉम्प्रेशनचं इंजिन ०.५ ते ०.७ बार सोसतं. कॉम्प्रेशनला दाबाच्या गुणोत्तराने गुणून ‘प्रभावी कॉम्प्रेशन’ काढायचं एक सूत्र फार लोकप्रिय आहे. माझा त्यावर विश्वास नाही. त्यात हवेचं तापमान नाही, स्पार्कची वेळ नाही, ज्वलनकक्षाचा आकार नाही. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये कॉम्प्रेशन १०.२५ होतं आणि बूस्ट जेमतेम ५ पीएसआय. तेवढ्यासाठीही पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारावं लागे. टाकी रिकामी झाली की बूस्ट आवळला जाई, आणि टाकी भरायला विसरणारे मालक काही कमी नव्हते.

घाटावरच्या ट्युनरने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्प्रिंग बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब मोजते. पुण्यात बाहेरचा दाब सुमारे ०.९५ बार, म्हणजे अर्धा बार बूस्टला इंजिनात एकूण १.४५ बार. तीच गाडी खंडाळा उतरून मुंबईत आली की १.५१. भर पुण्यात, थंडीच्या सकाळी, नॉकच्या काठावर बसवलेला मॅप, म्हणजे इंधनाचा आणि स्पार्कचा तक्ता, मे महिन्यातल्या मुंबईत काठ ओलांडतो. उलट महाबळेश्वरला एकूण दाब १.३६ इतकाच, पण बाहेरची हवा विरळ असल्याने दाबाचं गुणोत्तर मुंबईतल्या १.४९ वरून १.५८ वर जातं आणि टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं.

पेट्रोल पुरतंय का, हे बूस्टच्या आधी बघायचं. मूळ इंजेक्टर पूर्ण ताकदीला बहुधा ८० टक्क्यांच्या आसपास उघडे राहत असतात. हवा दीडपट झाली की त्यांच्याकडे द्यायला काही उरत नाही. मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मूळ सेन्सर एक बारचा असेल, तर बूस्ट सुरू होताच त्याचा काटा अडकतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, खरा दाब कळतच नाही. तो बदलावाच लागतो. पूर्ण बूस्टला मिश्रण लॅम्डा ०.८० च्या जवळ, थोडं रिच ठेवावं. शुद्ध पेट्रोलच्या हवा-इंधन गुणोत्तरात हे ११.८ होतं. ई-१० वर केलेल्या मॅपला ई-२० भरल्यावर त्याच लॅम्डासाठी सुमारे ४ टक्के जास्त इंधन लागतं, म्हणून बोलणं लॅम्डातच बरं. स्पार्कची वेळ आधी सुरक्षित बाजूला न्यावी. दर एक पीएसआयला एक अंश मागे हा जुना ठोकताळा ढोबळ आहे, पण पहिल्या दिवसापुरता चालतो. प्लग एक दर्जा थंड घ्यावा आणि गॅप ०.७ मिलिमीटरच्या आसपास ठेवावी, नाहीतर दाबाखाली स्पार्क विझून गाडी मिस मारते.

पहिल्या फेरीआधी कंट्रोलर बंद. ॲक्च्युएटरची नळी हाताने ओढून बघावी, क्लिप लावावी. ही नळी निसटली तर वेस्टगेटला काहीच कळत नाही, बूस्ट थेट छताला भिडतो. त्यासाठी ईसीयूत स्प्रिंगच्या आकड्यावर ०.१५ बार ठेवून इंधन तोडायची मर्यादा घालावी. मग चौथ्या गिअरला, शक्यतो डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), अर्ध्या ॲक्सिलरेटरने साडेतीन हजार फेऱ्यांपर्यंत. बूस्ट, लॅम्डा, नॉक आणि हवेचं तापमान यांचा लॉग बघावा. सगळं ठीक असेल तर पूर्ण ॲक्सिलरेटर, पण आधी चार हजारांपर्यंत, मग पाच. रेडलाइनपर्यंत जायची घाई नको, कारण वेस्टगेट लहान असेल तर ती पूर्ण उघडूनही धूर वळवायला कमी पडते आणि वरच्या फेऱ्यांना बूस्ट हळूहळू चढत राहतो. मोकळा एक्झॉस्ट बसवल्यावर हा त्रास हमखास दिसतो. ०.५ ची स्प्रिंग असून साडेसहा हजारांवर ०.७ दिसत असेल, तर त्याला मॅपमध्ये उपाय नाही. वेस्टगेटचं भोक मोठं करावं लागतं.

फेऱ्या झाल्या की प्लग काढून पांढऱ्या चिनीमातीवर भिंग धरावं. त्यावर मिरपुडीसारखे काळे किंवा चकचकीत ठिपके दिसले तर नॉक झालेला आहे, लॉग काहीही म्हणो. चकचकीत ठिपका म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम.

कारखान्यातूनच टर्बो लावून आलेल्या गाडीत वेगळी अडचण असते. पोलो १.२ जीटी टीएसआयचा मूळ टॉर्क १७५ न्यूटन मीटर, आणि तिच्या सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सची क्षमता २५० ची. इंजिनात अजून दम असला तरी गिअरबॉक्स आधी हात टेकतो. शिवाय कमी फेऱ्यांवर मोठा टॉर्क देणं कनेक्टिंग रॉडला सर्वांत जड जातं. अशा गाडीत बूस्ट तीन हजारांच्या खाली आवळून वरच्या फेऱ्यांना हळूहळू वाढवावा. वॉरंटी, विमा आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ या बाबी मालकाने आधीच तपासलेल्या बऱ्या.

स्प्रिंगच्या बूस्टवर एक-दोन टाक्या पेट्रोल जाळून, दुपारच्या उन्हात आणि ट्रॅफिकमध्ये लॉग स्वच्छ राहिले, तरच पुढची पायरी. एका वेळी ०.१ बार, आणि त्या दिवशी दुसऱ्या कशालाही हात नाही. बूस्ट वाढवल्यावर नॉक टाळण्यासाठी स्पार्क इतका मागे घ्यावा लागला की डायनोवर ताकद जवळपास तेवढीच दिसते, तर त्या पेट्रोलची आणि त्या इंटरकूलरची हद्द आलेली असते. मग ०.१ परत काढून घ्यायचा.