किलोवर गेलेल्या ट्रॉल्या

१५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम काढला. दुचाकी किंवा चारचाकी पन्नास वर्षांवरची असेल आणि तिचं मूळ रूप कुणी बिघडवलेलं नसेल, तर तिला ‘व्हिंटेज’ म्हणून मान्यता. नंबरात ‘व्हीए’ ही खास अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. चांगला नियम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दीड-पावणेदोन वर्षांनी, १ एप्रिल २०२३ पासून, दुसरा नियम लागू झाला. पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी संपली आणि ती भंगारात काढायची ठरली. या दोन नियमांच्या मधे आमच्या मावळातला जुना ट्रेलर सापडला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत इंजिन नसलेला ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच आहे. म्हणजे भंगारात काढायचा असतो तेव्हा तो वाहन ठरतो. मान द्यायची वेळ आली की मात्र तो दुचाकीत बसत नाही आणि चारचाकीतही बसत नाही.

गेली दोन-तीन वर्षं वडगाव-कामशेत पट्ट्यात मी हे रोज पाहतो आहे. पाण्याच्या टाकीचे, खडीचे दोनचाकी ट्रेलर आधी सरकारी आवारांतून उचलले गेले. मग त्यांच्यामागोमाग गावोगावच्या गोठ्यांमागे, गिरण्यांच्या कडेला, चिंचेखाली उभ्या असलेल्या खासगी ट्रॉल्या निघाल्या. भंगारवाला वजनकाटा आणि गॅस कटर घेऊनच येतो. तासाभरात चेसिसचे चार तुकडे होतात. कंपनीची पाटी असलीच तर पत्र्याबरोबर तीही जाते. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत घाटातला १८३० सालचा अमृतांजन पूल पाडला, तेव्हा पुण्या-मुंबईतल्या किती लोकांनी हळहळून लिहिलं! या ट्रॉल्यांसाठी अजून कुणी दोन ओळी लिहिलेल्या मी वाचल्या नाहीत.

मावळातल्या जुन्या ट्रेलरची एक शाखा लष्करातून आली. देहूरोडला आयुध डेपो, लोणावळ्याला १५ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरू झालेलं नौदलाचं ‘शिवाजी’ हे प्रशिक्षण केंद्र, पलीकडे खडकी. दुसरं महायुद्ध संपल्यावर देशभर जीपगाड्या आणि त्यांच्यामागचे पाव टनी ट्रेलर लिलावात निघाले. या ट्रेलरची हकिगत ऐकण्यासारखी आहे. १९४० मध्ये जीपचा पहिला नमुना घडवला तो बॅन्टम नावाच्या छोट्या अमेरिकन कंपनीने. मोठी कंत्राटं गेली विलीज आणि फोर्डकडे. बॅन्टमच्या वाट्याला आलं जीपमागचे ट्रेलर बनवण्याचं काम, आणि ते त्यांनी इतकं चोख केलं की ऐंशी वर्षांनंतरही त्यातले ट्रेलर रस्त्यावर सापडतात. चाकं जीपचीच, ६.००-१६ मापाची, म्हणजे जीपची स्टेपनी ट्रेलरलाही चालायची. हौदा असा बंद की बुचं लावली तर तो पाण्यावर तरंगायचा.

त्यानंतरची चाळीसेक वर्षं मी भरभर ओलांडतो. बैलगाडीला टायर आले, महिंद्रच्या जीपा आल्या, कुठे कुठे ट्रॅक्टर दिसू लागले. माझं म्हणणं आहे ते १९८७ नंतरच्या दहा-अकरा वर्षांबद्दल, कारण ती मी धुळीत आणि चिखलात उभा राहून पाहिली.

१९८७ मध्ये वडगावच्या भात संशोधन केंद्राने ‘इंद्रायणी’ हे वाण दिलं. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर. वास आंबेमोहराच्या वळणाचा आणि उतारा त्याच्याहून चांगला. ज्यांच्या घरी वर्षाचं खाऊन थोडंच उरायचं, त्यांच्याकडे विकायला भात आलं. ते गिरणीपर्यंत न्यायला बैलगाडी अपुरी पडली आणि ट्रक बांधावर येत नव्हता. तिथे ट्रॉली आली. कामशेत, वडगाव, तळेगाव या पट्ट्यात फॅब्रिकेशनचे शेड उभे राहिले. मिस्त्री लोक पुण्याहून चॅनेल-अँगल आणत, मोडीत निघालेल्या ट्रकचा एक्सल घेत, त्याचेच पाटे कमी-जास्त करून बसवत आणि शेतकऱ्याच्या बांधाची रुंदी विचारून ट्रॉलीचं माप ठरवत. नाणे मावळातल्या अरुंद वाटांसाठी वेगळी ट्रॉली, पवन मावळाच्या चढासाठी वेगळी. पॉवर टिलरमागे जोडायची छोटी ट्रॉली तर भातखाचरांच्या या मुलखासाठीच जन्मली असावी. चालवणारा ट्रॉलीच्याच पुढच्या बैठकीवर बसायचा आणि लांब दांडे धरून वळवायचा.

कारखान्यात एका साच्यातून निघालेला हा माल नव्हता. एका मिस्त्रीच्या फाळक्याची कडी डावीकडे वळलेली असायची, दुसरा कोपऱ्यांना तिरकी पट्टी मारायचा, तिसऱ्याचा हूक जाड आणि आखूड. मागून येणारी ट्रॉली कुणाच्या हातची आहे हे आम्ही पोरं आवाजावरून सांगायचो. फाळक्यावर पेंटरने हाताने लिहिलेलं ‘एकवीरा आई प्रसन्न’, खाली गावाचं नाव, कडेला कमळ किंवा पोपट. त्या अक्षरांना लागलेला वेळ आजच्या रेडियमच्या पट्टीत नाही. याच ट्रॉल्यांतून भात गेलं, पेंढा गेला, लग्नाचं वऱ्हाड गेलं, देहूच्या वारीत दिंड्यांचं सामान गेलं आणि गणपती इंद्रायणीवर गेले. मावळाच्या त्या दशकाचं सगळं ओझं यांनी वाहिलं आहे.

आमच्या घरी आप्पांनी लष्करी लिलावातून फिरत आलेला जीपचा ट्रेलर घेतला होता. नदीवर धुवायला नेला की आम्ही तळाची बुचं आवळायचो आणि हौदा काठाच्या उथळ पाण्यात डुलत राहायचा. पुढे पावसाने त्याचा तळ खाल्ला. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आमच्याकडेही कमी नाही. बारामतीकडची ट्रॉली तीस वर्षं टिकेल, तर इथली पंधरा वर्षांत तळातून चाळण होते. कामशेतच्या मिस्त्रींनी तो ट्रेलर महिनाभर शेडमध्ये ठेवला. आधी चेसिसचे दोन्ही कर्ण सुतळीने मोजले आणि फरक नाही म्हटल्यावरच पुढचं काम हाती घेतलं. रंग एकदम न खरवडता एका कोपऱ्यात ओल्या पॉलिश पेपरने थर-थर उतरवला. वर आमचा निळा, त्याखाली कुणाचा तरी तपकिरी, त्याखाली लाल प्रायमर आणि सगळ्यात खाली लष्कराचा मेंदी हिरवा. “आप्पा, पत्रा नवा घालतो,” मिस्त्री म्हणाले, “पण कडी हीच ठेवा. असलं लोखंड आता मिळायचं नाही.”

जिथे रिबिटं सैल झाली होती तिथे त्यांनी वेल्डिंग केलं नाही. भट्टीत रिबिट लाल करायचं, एकाने मागून वजन टेकवून धरायचं, दुसऱ्याने हातोड्याने डोकं बसवायचं. थंड होताना रिबिट आकसतं आणि दोन्ही पट्ट्या घट्ट आवळून घेतं. हे मी जवळून पाहिलं आहे, त्याची धग हातावर घेतली आहे. आज या पट्ट्यात गरम रिबिट मारणारा हात शोधून सापडत नाही. मिस्त्री गेले, शेड यंदा पाडला आणि त्या जागी गाळे होणार आहेत.

पुढे पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेचं काम निघालं. मुरूम-मातीच्या कामाला गावच्या ट्रॉल्या रोजाने लागल्या आणि आमचा ट्रॅक्टरही लागला. ज्या उपठेकेदाराने तो लावला, त्याने शेवटच्या महिन्यांचे पैसे बुडवले आणि ट्रॉली परत केली ती एक्सल वाकलेली. नाव लिहीत नाही. पण आप्पा ज्या कागदावर हिशेब मांडून त्याच्या दारात जाऊन बसत, तो कागद अजून माझ्याकडे आहे. २००२ पर्यंत रस्ता पूर्ण झाला आणि त्यावर ट्रॅक्टरला बंदी आली. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण ज्या ट्रॉल्यांनी त्या रस्त्याखालचा मुरूम ओढला, त्यांना दरवर्षी वाढत्या गर्दीच्या जुन्या हायवेवर ढकललं गेलं, हेही तितकंच खरं आहे.

पुढच्या वीस वर्षांबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. जमिनी विकल्या गेल्या, बंगले झाले. तळेगावात २००८ मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला आणि २०२० च्या डिसेंबरात त्यातलं उत्पादन थांबलं. एवढी मोठी कंपनी बारा वर्षांत आली आणि गेली. कामशेतच्या शेडमधली ट्रॉली त्याहून जास्त चालली.

आता लोणावळ्याबद्दल बोलतो, कारण तिथली गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. तुंगार्ली, वळवण, पवनेच्या काठचे भाडोत्री व्हिला, यांच्या दारात हल्ली जुना ट्रेलर ‘सजावट’ म्हणून ठेवतात. तळाला भोकं पाडतात, माती भरतात, पिटुनिया लावतात. साधी गावची ट्रॉली असली तरी तिला हिरवा रंग आणि पांढरा तारा देऊन लष्करी करतात. फाळक्यावरची पेंटरची अक्षरं आधी घासून काढतात. ही जपणूक नाही. गॅस कटर निदान खोटं काही लिहून जात नाही.

जपायचं तर आधी ओळखायला हवं, आणि ओळखायचं तर खाली वाकायला हवं. बोल्टला मिलिमीटरचा पाना बसला, तर तो माल बहुतेक दशमान पद्धत रुळल्यानंतरचा. इंची पाना बसला म्हणून लगेच युद्धाच्या काळातला समजू नका, कारण आपल्याकडच्या जीपनाही पुढे बरीच वर्षं इंची आटेच होते. विलायती व्हिटवर्थ बोल्टावर मात्र अमेरिकन पाना घसरतो आणि तिथे फरक कळतो. चेसिसचे जोड रिबिटांचे की वेल्डिंगचे, ते बघा. चॅनेलच्या पोटावर वायर ब्रश मारा. ‘टिस्को’ असा उठावदार ठसा दिसला, तर ते लोखंड २००५ च्या आधीचं, कारण त्या वर्षी कंपनीचं नाव टाटा स्टील झालं. नंबर तीन अक्षरी असेल तर नोंदणी १९८९ च्या आधीची. त्यानंतरचे नंबर एमएच-१२ किंवा पिंपरी-चिंचवडचे एमएच-१४. पुढच्या बाजूला खाली सोडायचा टेकूचा पाय, गोल कडी, दोन्ही बाजूंना साखळ्या, हाताने ओढायचा ब्रेक आणि तळाला बुचं एवढं सगळं मिळालं, तर तिथेच थांबा आणि भंगारवाल्याला परत पाठवा.

डागडुजी करताना मूळ लोखंड जितकं वाचवता येईल तितकं वाचवा. गंजलेला तळ बदलावाच लागतो, पण त्याच जाडीचा पत्रा घाला, जुन्यावर नवा चढवू नका. मधे पाणी साचतं आणि दोन पावसाळ्यांत दोन्ही जातात. हबचं बेअरिंग उघडून ग्रीस बदला. कडीची झीज बघा, कारण रस्त्यावर जीव तिच्यावरच असतो. फाळक्यावर अक्षरं असतील तर त्यांना हात लावू नका. रंग उडाला असला तरी तसाच राहू द्या.

मध्यंतरी एका कार्यालयात मी विचारलं की, गावची जुनी ट्रॉली जतन करायची तर कागद काय लागतील. समोरच्या साहेबांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, “त्यात जतन करण्यासारखं काय आहे?” त्यांना द्यायचं उत्तर मी इथे लिहिलं आहे. केंद्र सरकारने २०२१ च्या नियमात दुचाकी-चारचाकीबरोबर ट्रेलरही घ्यावा. तोपर्यंत वडगावच्या भात संशोधन केंद्राने, तालुक्यातल्या एखाद्या शाळेने किंवा लोणावळा नगरपरिषदेने एखाद्या कोरड्या शेडमध्ये एक तरी मावळी ट्रॉली आणि जमलं तर एक जीपचा ट्रेलर मूळ रूपात उभा करावा. खर्च फार नाही, जागा तर अजिबात फार लागत नाही.

आणि मावळातल्या शेतकऱ्यांना सांगणं एवढंच: ट्रॉली विकायची असेल तर विका, अडचण असते, मला माहीत आहे. पण कटर लावायच्या आधी नंबर, पाटी, हूक आणि फाळका यांचे फोटो काढून ठेवा, आणि ती कोणत्या मिस्त्रीने कोणत्या साली बनवली ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून लिहून ठेवा.