भिंतीवरचे शेवाळ आणि शेजाऱ्याचा हक्क

पावसाळा उतरणीला लागला की आमच्या नांदेडच्या जुन्या वस्तीतील बोळांतून दरवर्षी एकच दृश्य दिसते. ईदला रंगवलेल्या भिंतींवर खालून हिरवा पट्टा चढलेला असतो, छज्ज्याखाली काळे ओघळ उतरलेले असतात आणि घरची मंडळी रंगाऱ्याला नावे ठेवत असतात. "रंगच हलका वापरला," हे वाक्य आम्हीही अनेकदा बोललो आहोत. ते चुकीचे होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. त्या उशिराची किंमत आमच्याऐवजी दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागली, म्हणून हे लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरात मुलीचे लग्न होते. बाहेरून घर रंगवायचे ठरले. पाऊस नुकताच थांबलेला, तारीख जवळ आलेली. भिंत अजून ओली आहे, महिनाभर थांबा, असे रंगाऱ्याने बजावले होते. आम्ही थांबलो नाही. वरवर घासून घेतले, पुट्टी भरली आणि महागड्या रंगाचे दोन हात दिले. पाहुण्यांनी घराची तारीफ केली. पुढच्या पावसाळ्यात उत्तरेकडच्या भिंतीचे पापुद्रे सुटले आणि त्यांच्याखाली जुने शेवाळ जसेच्या तसे दिसले. पुन्हा रंग दिला. पुन्हा तेच झाले.

इथवर नुकसान फक्त आमच्या खिशाचे होते. आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये जेमतेम तीन फुटांचा बोळ आहे. आमच्या गच्चीचे पाणी पनाळ्यातून थेट त्या बोळात पडत असे. शेजारच्या आजी एका सकाळी घागर घेऊन बोळातून निघाल्या आणि फरशीवरच्या शेवाळावरून घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. आम्ही दवाखान्यात गेलो, तेव्हा त्यांचा मुलगा इतकेच म्हणाला, "सर, तुमच्या पनाळ्याचं पाणी तेवढं वळवता आलं तर बघा." त्याआधी त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. त्यांच्या घराची आमच्याकडची भिंत कित्येक वर्षे हिरवी होती. आम्ही आपली भिंत रंगवत राहिलो आणि त्यांची भिजवत राहिलो.

हिरवे, काळे आणि पांढरे

भिंतीवर जे दिसते ते सगळे एकच नसते. हिरवा, गुळगुळीत थर म्हणजे शेवाळ. त्याला पाणी आणि उजेड मिळाला की पुरते. त्याचाच एक निळसर-हिरवा प्रकार उन्हाळ्यात सुकून काळा पडतो. गच्चीच्या कठड्यावरून उतरणारे काळे ओघळ बहुधा त्याचेच असतात. ते मेलेले वाटतात, पण पहिल्या पावसात पुन्हा जिवंत होतात. काळे किंवा करडे ठिपके बुरशीचे असू शकतात. बुरशीला उजेड नसला तरी चालतो. भिंतीवर बसलेली धूळ, पक्ष्यांची विष्ठा, रंगातला चिकट अंश यांवर ती जगते. तिचे बारीक कण हवेत उडतात आणि घरात दमेकरी असेल तर त्याचा त्रास वाढवतात. तिसरा प्रकार पांढऱ्या भुकटीचा, ज्याला आपण लोणा लागला म्हणतो. तो सजीव नाही. विटा आणि गिलाव्यातील क्षार पाण्याबरोबर बाहेर येऊन सुकतात, एवढेच.

ओळखायच्या दोन सोप्या युक्त्या आहेत. पांढऱ्या भुकटीवर पाणी शिंपडा. ती विरघळून दिसेनाशी झाली तर लोणा समजावा. काळ्या डागावर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचे दोन थेंब टाका. काही मिनिटांत डाग फिका पडला तर ते शेवाळ किंवा बुरशी आहे, तसाच राहिला तर धूळ किंवा धुराची काजळी.

प्रकार तीन असले तरी कारण एकच आहे: पाणी. म्हणून पहिला प्रश्न रंग कोणता द्यावा हा नसून पाणी येते कोठून, हा आहे.

पाण्याचा माग

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही धड पडत नाही. तरीही आपल्या भिंती हिरव्या होतात, कारण पाऊस किती पडला यापेक्षा भिंत किती दिवस ओली राहिली, हे महत्त्वाचे असते. उत्तरेच्या भिंतीवर सप्टेंबरनंतर ऊन जवळजवळ येत नाही. अरुंद बोळात वाराही फिरत नाही. अशी भिंत एकदा भिजली की आठवडेच्या आठवडे सुकत नाही.

आमची आपा लातूरला असते. तिच्या घराच्या मागच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत एकच हिरवी-काळी पट्टी होती आणि ती भर उन्हाळ्यातही जात नव्हती. शेवटी भाचा गच्चीवर चढला, तेव्हा कळले की टाकीतला फ्लोट खराब झाला आहे आणि टाकी भरल्यावर पाणी भिंतीवरून वाहते. याच लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले, तेव्हा सारे शहर त्याची वाट पाहत होते. त्या शहरात टाकीचे पाणी भिंतीवरून वाहू देणे हा इसराफ नव्हे तर काय? भिंतीवरची पट्टी आम्हाला तेच सांगत होती, आम्ही मात्र तिला रंगाचा दोष समजत होतो.

पाणी खालूनही चढते. वर्गात आम्ही मुलांना एक प्रयोग दाखवतो. शाईच्या बशीत खडू उभा करायचा. पाहता पाहता शाई खडूत वर चढते. वीट आणि गिलावा हे खडूसारखेच असतात. पायथ्याशी पाणी साचले की ते भिंतीत चढते. शिवाय छपराचे पाणी उंचावरून जमिनीवर आपटून उडते आणि खालची दोन-तीन फूट भिंत सतत भिजवते. हिरवा पट्टा नेमका तेवढ्याच उंचीवर दिसतो, त्याचे कारण हेच.

तेव्हा पाऊस चालू असताना छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारावी. पुढील गोष्टी पाहाव्यात:

पनाळ्याचे पाणी कोणाच्या भिंतीवर किंवा वाटेवर पडते? टाकी आणि नळाच्या जोडांतून गळती आहे का? छज्ज्याचे पाणी कडेवरून सुटून पडते, की खालच्या बाजूने भिंतीकडे परत येते? छज्ज्याच्या खालच्या अंगाला कडेपासून थोडे आत एक बोटभर खाच गवंड्याकडून ठेवून घेतली, तर पाणी तिथेच तुटते. कठड्याच्या माथ्याचा उतार गच्चीकडे आहे की बाहेर? गच्चीला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार हवा. भिंतीला टेकून विटा, वाळू, लाकडे रचली आहेत का? कुंड्या चिकटून आहेत का?

थरावर थर

ओलीवर थर चढवण्याची सवय आपल्या भागात नवी नाही. आपल्याकडची जुनी घरे माळवदाची. लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात अशा घरात गारवा असतो. पण माळवद गळू लागले की पावसाळ्यापूर्वी वर आणखी माती टाकायची, ही रीत. वर्षानुवर्षे थर वाढत जाई आणि खालच्या दगड-मातीच्या भिंतींवर भार वाढत जाई. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच दगावली. मातीच्या छपरांचे वजन आणि चिखलात रचलेल्या दगडी भिंतींचा ठिसूळपणा हे त्यामागचे मोठे कारण होते.

रंगाच्या थराने घर पडत नाही, हे खरे. पण सवय तीच आहे. पाण्याची वाट शोधायची नाही, वरून झाकायचे. माती-चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा तेलाचा रंग चढवला तर आतली ओल बाहेर पडू शकत नाही. भिंत आतून कुजते आणि वरून चकचकीत दिसते.

साफसफाई

गळती बंद केल्यावरच साफसफाईला हात घालावा. भिंत आधी पाण्याने ओली करावी. नायलॉनचा किंवा काथ्याचा ब्रश वापरावा. तारेच्या ब्रशाने गिलाव्यावर ओरखडे पडतात आणि त्या खाचांत शेवाळ आणखी घट्ट धरते. एक लिटर पाण्यात साधारण 30 ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून तासभर ठेवावी आणि वरचे नितळ पाणी भिंतीला लावावे. दहा-पंधरा मिनिटांनी घासून भरपूर पाण्याने धुवावे.

इथे काही सावधगिरी फार आवश्यक आहे. ब्लीचिंग पावडरमध्ये संडास धुण्याचे अॅसिड कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो आणि अरुंद बोळात तो जीवघेणा ठरू शकतो. नुसते अॅसिडही भिंतीला लावू नये, ते चुना आणि सिमेंट खाते. हातमोजे, चष्मा आणि तोंडाला फडके हवेच. मुलांना लांब ठेवावे. ओल्या शेवाळावर शिडी टेकवू नये आणि एकट्याने शिडीवर चढू नये.

रंग केव्हा आणि कोणता

धुतलेली भिंत पूर्ण सुकू द्यावी. ती सुकली का, हे पाहण्यासाठी हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला डकवावा आणि एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूला दव जमले तर भिंत अजून ओली आहे. आपल्याकडे दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस बाहेरच्या रंगासाठी उत्तम. नवा गिलावा असेल तर किमान चार आठवडे थांबावे.

सिमेंटच्या भिंतीला बाहेरच्या कामासाठी बनवलेला, बुरशीरोधक द्रव्य असलेला रंग चांगला. जुन्या माती-चुन्याच्या भिंतीला मात्र अम्मीच्या काळचा चुनाच बरा. रमजानपूर्वी कळीचा चुना हौदात विरवला जाई, त्यात थोडा डिंक आणि नीळ पडे आणि सगळे घर कुंचले घेऊन कामाला लागे. त्या चुन्यात दोन गुण आहेत. तो तीव्र क्षारयुक्त असल्याने शेवाळ-बुरशीला जगू देत नाही आणि भिंतीचा श्वासही कोंडत नाही. हवेने हळूहळू त्याची तीव्रता कमी होते, म्हणूनच तो दरवर्षी द्यावा लागतो. कालवताना तो उकळतो आणि डोळ्यांत उडाला तर इजा करतो, एवढे ध्यानात ठेवावे.

पनाळ्याची गोष्ट

रिवायतीत एक प्रसंग येतो. हजरत अब्बास (रजि.) यांच्या घराचे पनाळे मस्जिदीकडे जाणाऱ्या वाटेवर होते. एका जुम्याला हजरत उमर (रजि.) तिथून जाताना त्यातून रक्तमिश्रित पाणी त्यांच्या कपड्यांवर पडले. ये-जा करणाऱ्यांना त्रास नको म्हणून त्यांनी ते पनाळे काढायला लावले. मग हजरत अब्बास (रजि.) यांनी सांगितले की ते खुद्द प्रेषितांनी (स.) बसवले होते. हे ऐकताच खलिफांनी त्यांना कसम घातली, की माझ्या पाठीवर उभे राहून ते पुन्हा त्याच जागी बसवा. आणि तसेच झाले.

या प्रसंगात आम्हाला दोन गोष्टी दिसतात. आपल्या छताचे पाणी वाटेवर पडले की तो आपल्या एकट्याचा विषय राहत नाही. आणि आपली चूक कळली की खलिफासुद्धा पाठ वाकवतो. आम्हाला तर एक पाइप बसवायचा होता.

तो आम्ही बसवला. गच्चीचे पाणी आता पाइपने खाली उतरते आणि अंगणातल्या शोषखड्ड्यात जाते. शोषखड्ड्यासाठी लांब पाहावे लागले नाही. आपल्याच जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णीने घरोघरी असे खड्डे करून गटारे आणि डास हटवले आणि तो नांदेड पॅटर्न म्हणून गाजला. खड्डा खणून मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी ठेवायची आणि भोवती दगड भरायचे. आम्ही तो दोन्ही घरांच्या पायापासून पुरेसा दूर घेतला. बोळातली फरशी खरवडून धुतली. मग शेजाऱ्यांची भिंत आधी साफ केली, सुकल्यावर तिला आमच्या खर्चाने रंग दिला आणि नंतर आमच्या भिंतीकडे वळलो.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. उत्तरेच्या कोपऱ्यात थोडे हिरवे दिसते, ते आम्ही दिवाळीच्या सुट्टीत धुऊन काढतो. आजी आता काठी घेऊन चालतात, ते काही परत येणार नाही. बोळातून जाताना त्या अजून भिंतीला हात लावून जातात. भिंत कोरडी असते.