आगगाडी एका चित्रात किती धावते?

मे महिना, खामगाव, दुपारचे दोन. कूलर घरघरतोय, आजीचा नुकताच डोळा लागलाय आणि खाटेवर दोन मावसभावांचं भांडण पेटलंय.

"माह्या मोबाइलवर गेम कसा मक्खन चालते, पाय! एकशेवीस हर्ट्झ हाय!"

"काही फरक नाही पडत. डोया तं तोच हाय ना!"

मला पंच केलं गेलं. पण मी लगेच निकाल दिला नाही, कारण धाकट्याचं बोलणं मला फार आवडलं. मोबाइल बदलला तरी डोळा तोच, मग फरक दिसणार कसा?

चला, नांदुऱ्याच्या फलाटावर जाऊ. मनातल्या मनातच, बाहेर ऊन फार आहे. समोरून एक एक्स्प्रेस न थांबता धडधडत निघालीय. तिचा वेग धरू ताशी 108 किलोमीटर. हा आकडा मी मुद्दाम घेतलाय, कारण तो म्हणजे सेकंदाला बरोब्बर 30 मीटर. आता हीच गाडी एखाद्या गेममध्ये आहे असं समजा.

गेममध्ये खरं तर काहीच धावत नसतं. एकामागून एक स्थिर चित्रं येत असतात, त्यातलं प्रत्येक चित्र म्हणजे एक फ्रेम. सेकंदाला 30 फ्रेम असतील, तर आपली गाडी एका चित्रातून दुसऱ्या चित्रात एक मीटरची उडी मारते. 60 असतील तर अर्धा मीटर. 120 असतील तर 25 सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर! त्या मधल्या जागेत गाडी कधी नसतेच. ती आपला मेंदू भरून काढतो.

मेंदूच्या या सवयीवर तर अख्खा सिनेमा उभा आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट 1913 साली पडद्यावर आला, पण त्याआधी त्यांनी कुंडीतला एक वाटाणा पडद्यावर उगवून दाखवला होता. कॅमेरा समोर ठेवायचा, थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम टिपायची आणि मग सगळ्या फ्रेम भराभर दाखवायच्या. कोंब मातीतून वर येताना लोकांना डोळ्यांदेखत दिसला! त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हातानेच फिरवायचा, त्यामुळे वेग कमीजास्त व्हायचा. पुढे चित्रपट बोलू लागले. आवाज बेसूर होऊ नये म्हणून वेग पक्का करणं भाग पडलं आणि सेकंदाला 24 फ्रेम ठरल्या.

इथूनच एक गैरसमज पसरला, की डोळ्याला 24 च्या पुढे काही कळतच नाही. साफ चूक! सेकंदाला 24 च वेळा उजेड-अंधार झाला तर पडदा लुकलुकताना स्पष्ट दिसतो. म्हणून फिल्मच्या प्रोजेक्टरमध्ये प्रत्येक फ्रेमवर दोनदा किंवा तीनदा उजेड टाकायचे. शिवाय कॅमेरा हलती वस्तू थोडी पुसट टिपतो, त्यामुळे दोन चित्रं एकमेकांत मिसळल्यासारखी वाटतात. गेममधलं चित्र मात्र बऱ्याचदा अगदी रेखीव असतं, म्हणून त्याची उडी डोळ्याला जास्त टोचते.

आणि डोळ्यात फ्रेम नसतातच मुळी. त्यात उजेड सतत पडत असतो. गंमत इथे आहे: गाडी बघताना डोळा तिच्यामागे सलग सरकत राहतो, पण पडद्यावरचं चित्र मात्र पुढचं चित्र येईपर्यंत जागच्या जागी थांबलेलं असतं. डोळा पुढे गेला, चित्र मागे राहिलं, की ते डोळ्याच्या आतल्या पडद्यावर ओल्या शाईसारखं फासलं जातं. उडी जितकी लहान, तितकं फासणं कमी. म्हणजे जास्त फ्रेमचा फायदा नुसता उड्या लहान होण्याचा नाही, तर हलती गोष्ट नीट वाचता येण्याचा आहे.

ही गोष्ट आम्ही तपासून पाहिली. मोठ्याच्या मोबाइलमध्ये 60 आणि 120 असे दोन्ही पर्याय होते. मी गावांच्या नावांची लांबलचक यादी लिहिली: मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा... एकाने दुसऱ्याला न सांगता सेटिंग बदलायची, दुसऱ्याने यादी वर सरकवताना नावं वाचायची आणि 60 की 120 ते ओळखायचं. असं दहा वेळा. नुसत्या अंदाजाने सांगितलं तरी पाचेक उत्तरं बरोबर येतातच, हे लक्षात ठेवा. नऊ-दहा बरोबर आली तरच डोळ्याला खरंच काही दिसतंय म्हणायचं. "फरक नाही" म्हणणाऱ्या धाकट्याने नऊ ओळखली! मग बुद्धिबळाच्या गेमवर तोच खेळ केला. सोंगट्या जागच्या जागी, सरकवायचं काहीच नाही. तिथे मोठ्याची पाच चुकली.

पण नुसता पडदा 120 चा असून भागत नाही. हर्ट्झचा आकडा सांगतो, की पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो. गेमनेच 60 चित्रं तयार केली, तर 120 चा पडदा नवीन चित्र आणणार कुठून? तो तेच चित्र पुन्हा दाखवतो.

आणखी एक हिशेब बघा. 30 फ्रेमला एक चित्र सुमारे 33 मिलिसेकंद टिकतं, 60 ला 17, 120 ला 8 आणि 240 ला 4. म्हणजे 30 वरून 60 वर गेलात तर 17 मिलिसेकंद वाचतात, 120 वरून 240 वर गेलात तर फक्त चार. म्हणून पहिली उडी बहुतेकांना लगेच जाणवते, शेवटची ओळखायला डोळा सरावलेला लागतो. हे चार मिलिसेकंद किती थोडे, ते कळायला तुमच्या बोटाचा वेग मोजून बघा. मित्राला उभी पट्टी सोडायला सांगा आणि तुम्ही ती पकडा. 20 सेंटीमीटर खाली आल्यावर पकडलीत, तर तुम्हाला सुमारे 200 मिलिसेकंद लागले.

आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात आणखी एक भानगड होते. पारा चाळिशीच्या वर, हातात तासभर चाललेला गेम. मोबाइल तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच हळू चालू लागतो. फ्रेम घसरतात, त्याही एकसारख्या नाहीत: आता 110, लगेच 50, पुन्हा 90. ही धरसोड डोळ्याला फार खुपते. त्यापेक्षा शांतपणे टिकलेले 60 कितीतरी बरे. आपल्या आंब्याच्या सालीवर बसलेल्या माशीला मात्र तेही पुरत नाहीत. सेकंदाला 250 च्या आसपास लुकलुकणं तिला वेगवेगळं कळतं, म्हणजे आपला झकास गेम तिला थबकत थबकत चालणारा वाटत असेल.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोघांनी ठरवलं, की आपण लोणारच्या विवराचा गेम बनवायचा. आकाशातून उल्का येणार आणि धडाम! मी म्हटलं, आधी हिशेब करा. अशी उल्का सेकंदाला 18 किलोमीटर वेगाने आली असं धरू, आणि लोणारचं विवर आहे सुमारे 1.8 किलोमीटर रुंद. म्हणजे शेवटचं तेवढं अंतर तिने सेकंदाच्या दहाव्या भागात कापलं. 120 फ्रेमच्या गेममध्ये त्याची चित्रं होतात बारा. 60 ला सहा. आणि ते ज्या स्क्रॅच नावाच्या प्रोग्रॅममध्ये गेम बनवणार होते, तिथे सेकंदाला फक्त 30.

"म्हंजे तीनच चित्रं?" धाकट्याने विचारलं आणि वही उघडून तीन चौकोन आखले.